सध्या काय वाचताय? जुन्या पिच्चरवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की जुने पिच्चर बघणाऱ्या मंडळींनो, हल्ली उशाशी कुठलं पुस्तक आहे ते कळवा आणि काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं चार-पाच पत्रं येतील. आली ती एवढी, की एक रविवार पूर्ण त्यातच गेला, मिसळ खायला जायचं होतं तेही राहिलं. सगळ्यांना इथं उत्तर देणं शक्य नाही, काही पत्रं एकत्र केलीत, काहींची लांबण कापलीय, राग नसावा.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, सिडकोत राहतो. आजोबांबरोबर बसून 'प्यासा' बघितला आणि डोकंच फिरलं, तेव्हापासून जुनेच बघतोय, मित्र हसतात. पण पुस्तक वाचायची सवय नाही, खरं सांगतो. पातळ असं एखादं सांगा ना.

मित्र हसू देत रे. पातळ म्हणालास ते बरं केलंस, कारण तुला हवंय ते पुस्तक खरंच पातळ आहे. अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'. तीन अंक म्हणजे तीन पिच्चर, 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम'. गुरुदत्त कोणाच्या प्रेमात पडला, किती प्यायचा, कसा गेला, असलं चघळलेलं यात काही नाही. हा सीन असा का घेतला, क्लोज-अप इथंच का आला, उजेड कुठून येतो, गाणं सुरू होताना कॅमेरा काय करतो, हे खोपकर दाखवतात. ते स्वतः पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, पिच्चर करणारे, त्यामुळे हे सगळं आतून माहीत असलेल्या माणसाचं बोलणं आहे. सिनेमावरच्या सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कारही आहे त्याला.

वाचायची पद्धत सांगते. शेजारी लॅपटॉप ठेव, एक अंक वाच, तोच पिच्चर लाव, पॉज कर, परत दोन पानं वाच. 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उन्हाचा झोत पडतो तो सीन आहे ना, तिथं कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून खरं ऊन आत आणलं होतं. हे माहीत झाल्यावर तो सीन परत बघ, मग मला सांग. फिल्मचं पुस्तक चांगलं की वाईट हे मी यावरूनच ठरवते, खाली ठेवल्यावर पिच्चर परत लावावासा वाटला तर चांगलं, नाहीतर बाकी कितीही फोटो असोत.

आणि हे झालं की नटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' घे. तेही पातळच. दोन बैठकीत संपतं पण मग आठ दिवस दुसरं काही सुचत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर. नुकतंच 'मी दुर्गा खोटे' दुसऱ्यांदा वाचून संपवलं. मैत्रीण म्हणते की नट-नट्यांची आत्मचरित्रं म्हणजे नुसती स्वतःची आरती, कशाला वेळ घालवतेस. तुम्हाला काय वाटतं? आणि पुढं काय वाचू?

बाई, तुमच्या मैत्रिणीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. कुठलं अर्धं ते शेवटी सांगते, आधी थोडं मागं जाऊ.

१९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामती करायला बाईच मिळेना. जी ती नाही म्हणाली. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. (याच साळुंक्यांनी पुढं 'लंकादहन'मध्ये राम पण केला आणि सीता पण, म्हणजे स्वतःच स्वतःच्या विरहात रडले बिचारे.) मग बरोबर एकोणीस वर्षांनी, १९३२ ला, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, गोष्ट तीच हरिश्चंद्राची, आणि तारामती होती दुर्गा खोटे. सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली, लग्न झालेली, पदरात मुलं असलेली. आणि १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला कोणाला, तर दुर्गाबाईंनाच. ज्या माणसाला तारामती मिळाली नव्हती त्याच्या नावाचा पुरस्कार तारामतीला. मला हे आठवलं की दरवेळी गंमत वाटते.

तर मुद्दा. दुर्गाबाई सिनेमात आल्या त्या हौसेनं आल्या नाहीत, सासरची परिस्थिती बिघडली, पैसे हवे होते म्हणून आल्या, आणि पहिलं छोटं काम ज्या पिच्चरमध्ये केलं, 'फरेबी जाल', त्यावरून लोकांनी इतकी नावं ठेवली की पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नाही. हे त्या स्वतः लिहितात, रडगाणं न गाता. ही आरती म्हणायची का?

पुढचं म्हणाल तर हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका'. शब्दांकन अरुण साधूंचं, आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं आणि १९७० ला पुस्तक. नाव हंसाबाईंच्याच १९५९ च्या पिच्चरवरून घेतलंय, जो पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. पण आत त्या यशाचा डंका नाहीच, घर, नवरा, दारू, पळून जाणं, परत येणं, सगळं सरळ सांगून टाकलंय, स्वतःलाही सोडलेलं नाही. बेनेगलांचा 'भूमिका' यावरून केलेला, स्मिता पाटीलचा. 'भूमिका' बघितला म्हणजे पुस्तक कळलं असं समजू नका हं, पुस्तक जास्त उघडं आहे.

मग शांता आपट्यांचं 'जाऊ मी सिनेमात?', हे १९४० चं, म्हणजे ऐन लोकप्रियतेत असताना लिहिलेलं, त्याच्या आदल्याच वर्षी त्या प्रभातच्या फाटकाबाहेर उपोषणाला बसल्या होत्या. आजही एखादी पोरगी नटी व्हायचं म्हणाली तर तिच्या आईनं हे वाचावं. लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात'. ही सगळी एकामागून एक वाचली ना, तर एक गोष्ट लक्षात येते. बायका पैशाबद्दल लिहितात. पगार किती ठरला, हातात किती आला, तो कोणी घेतला, घरभाडं कसं दिलं. पुरुषांच्या आत्मचरित्रात हे शोधून सापडत नाही, तिथं सगळं कसं भव्य, संकटं भव्य, विजय भव्य.

म्हणून म्हटलं, मैत्रिणीचं अर्धं बरोबर. आरती आहे, पण ती बहुतेक दादा मंडळींच्या पुस्तकात. व्ही. शांतारामांचं 'शांतारामा' वाचाच, जाडजूड आहे, उशी करता येईल एवढं, आणि स्टुडिओ कसा चालतो, ट्रिक सीन कसे घेतात हे त्यात झकास आहे, पण वाचताना प्रभात म्हणजे एकटे शांताराम असं वाटायला लागतं. वाटायला लागलं की ते बाजूला ठेवायचं आणि बापू वाटव्यांचं 'एक होती प्रभातनगरी' उघडायचं, त्यात दामले, फत्तेलाल, धायबर हे बाकीचे भागीदार सगळे आपापल्या जागी दिसतात. 'संत तुकाराम' दामले-फत्तेलालांनी केला, शांतारामांनी नाही, हे अजूनही दहातल्या सहा जणांना माहीत नसतं (हा माझा अंदाज, मिसळीच्या टेबलावरचा). भालजी पेंढारकरांचं 'साधा माणूस' मात्र या दादा मंडळींमधलं मला सगळ्यात आवडतं. गांधीहत्येनंतर १९४८ ला कोल्हापुरात त्यांचा स्टुडिओ जाळला, आणि तो माणूस पुन्हा उभा राहिला.

उत्तर फार लांबलं. पण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला सवय असेल.

ताई, मी पंचवटीत राहतो, वय ७८. फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यांची कंपनी इथं नाशकात होती, आणि माझ्या नातवाला फाळके म्हणजे पांडवलेण्याजवळचं गार्डन एवढंच माहीत. त्याला द्यायला पुस्तक सांगा. आणि पूर्ण 'राजा हरिश्चंद्र' बघायला मिळतो का?

काका, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही मिळत. मूळ पिच्चर चार रिळांचा, ३७०० फुटांचा. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये उरलीत ती पहिलं आणि शेवटचं रीळ. आणि त्यातही भानगड अशी, की फाळक्यांनी १९१७ ला हाच पिच्चर परत केला होता, त्यामुळे उरलेली रिळं पहिल्याची की दुसऱ्याची यावर जाणकारांत वाद आहे. कोणी 'फुल मूव्ही' म्हणून लिंक पाठवली तर नातवाला हे सांगा. त्यापेक्षा 'कालियामर्दन' दाखवा, १९१९ चा, त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, लहानशी, आणि तिचा चेहरा बघत राहावा असा आहे. हा आपल्या नाशिकच्या कंपनीचा पिच्चर.

पुस्तकाचं म्हणाल तर नातू किती मोठा आहे त्यावर. शाळेत असेल तर बापू वाटव्यांचं फाळक्यांवरचं छोटं चरित्र. मोठा असेल, किंवा तुम्ही स्वतः वाचणार असाल, तर जया दडकरांचं 'दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व'. ते मेहनतीनं केलेलं काम आहे, ऐकीव गोष्टी बाजूला सारून कागद तपासत केलेलं. विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, १९१२ ला लंडनला जाऊन कॅमेरा आणला, सतत बघून बघून डोळे गेले होते आणि मग परत आले, वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं शूट करून लोकांना दाखवलं आणि भांडवल जमवलं, हे सगळं आपण 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये हसत हसत बघितलंय. पण पिच्चर जिथं संपतो तिथून पुढची तीस वर्षं पुस्तकात आहेत, आणि ती हसायची नाहीत. नाशिकला येणं, कंपनीत भागीदारांशी बिनसणं, सगळं सोडून काशीला जाणं, तिथं 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिणं, परत येणं, बोलपट आल्यावर मागं पडणं, १९३७ ला 'गंगावतरण' हा एकच बोलपट, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत इथंच नाशकात जाणं.

आणि सरस्वतीबाई. त्यांच्यावर वेगळं जाड पुस्तक हवं होतं खरं तर. फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायचा. काका, नातवाला ही गोष्ट आधी सांगा.

फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटांवर लेख लिहिलेत, मराठीतच. ते मिळाले तर सोडू नका, तो माणूस लिहायचाही फर्डा.

गंगापूर रोडवरून लिहितेय. माझी फजिती झाली. मला गदिमांच्या सिनेमाच्या आठवणी वाचायच्या होत्या, लायब्ररीत जाऊन मीच 'वाटेवरच्या सावल्या' मागितलं आणि घरी येऊन बघते तर कुसुमाग्रज! हे कसं काय?

अहो यात तुम्ही एकट्या नाही, मीही एकदा या खड्ड्यात पडलेय. गदिमांचं 'वाटेवरल्या सावल्या', तात्यासाहेबांचं 'वाटेवरच्या सावल्या'. एका अक्षराचा फरक. पण परत करू नका लगेच, चुकून चांगलंच हाती लागलंय, कारण आपले तात्यासाहेब पण सिनेमातून गेलेले आहेत. तरुणपणी ते नाशिकच्या गोदावरी कंपनीत होते, 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. पिच्चर चालला नाही. चालला असता तर 'विशाखा' लिहिली असती का, हा विचार माझ्या मनात येऊन जातो, मग मी त्या न चाललेल्या पिच्चरचे आभार मानते.

गदिमांचं आता नीट नाव सांगून मागा, आणि त्याबरोबर 'मंतरलेले दिवस' पण. 'दो आंखें बारह हाथ'ची कथा गदिमांची हे तुम्हाला माहीतच असेल, तो खुल्या तुरुंगाचा प्रयोग औंध संस्थानात, त्यांच्या माणदेशातच झालेला, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला. जमलं तर सुधीर फडक्यांचं 'जगाच्या पाठीवर' जोडीला घ्या, अर्धवट राहिलेलं आत्मचरित्र आहे. बाबूजींनी उपाशीपोटी गावोगाव काढलेले दिवस त्यात आहेत, ते वाचून त्यांची गाणी वेगळीच ऐकू येतात.

आमच्या घरात वाद आहे (नाशिकरोड, लग्नाला ३१ वर्षं). हे म्हणतात आधी पुस्तक वाचावं मग पिच्चर बघावा, मी म्हणते उलट. तुम्ही निकाल द्या.

तुमच्या ३१ वर्षांत मी कशाला पडू. पण उदाहरणं देते, भांडण आणखी रंगेल.

'श्यामची आई' आपण सगळ्यांनी आधी वाचलं, मग बघितलं. साने गुरुजींनी ते १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत, आणि अत्र्यांचा पिच्चर १९५३ चा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तिथं पुस्तक आधी असल्यानं काही बिघडत नाही, उलट वनमालाबाई पडद्यावर आल्या की आपण आधीच रडायला बसलेलो असतो. म्हणजे यांचा एक गुण.

'गाइड'चं उलटं. आधी आर. के. नारायण वाचलेत तर देव आनंदच्या पिच्चरवर चिडचिड होईल, खुद्द नारायण चिडले होते, त्यांचं मालगुडी उचलून राजस्थानात नेलं म्हणून त्यांनी लेखही लिहिला. कादंबरीच्या शेवटी पाऊस आला का, राजू जगला का, हे तुमच्यावर सोडलंय. पिच्चरमध्ये पाऊस धो धो येतो. मी म्हणेन आधी पिच्चर, गाण्यांसकट मनसोक्त बघा, मग कादंबरी. तुमचा एक गुण.

'कुंकू'. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट', पिच्चर १९३७ चा. आधी पिच्चरच, कारण त्यात पार्श्वसंगीत नाहीये, जे काही ऐकू येतं ते त्या घरातलं, गल्लीतलं खरं, भिंतीवरच्या घड्याळासकट. कोऱ्या मनानं ऐकायला हवं ते. दोन-एक.

'सिंहासन'ला मात्र दोन कादंबऱ्या वाचाव्या लागतात, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', दोन्ही अरुण साधूंच्या, आणि त्या आधी वाचल्यात तर पिच्चर जास्त चढतो. दोन-दोन झाले. 'पिंजरा'ची तर तीन पायऱ्यांची शिडी, १९०५ ची जर्मन कादंबरी, १९३० चा 'ब्लू एंजल', आणि मग १९७२ ला आपला मास्तर. ही शिडी वरून खाली उतरा, म्हणजे शांतारामबापूंनी जर्मन मास्तर उचलून तमाशाच्या फडात आणून कसा बसवला ते कळतं, आणि तो इतका बसलाय की मूळ परदेशी आहे हे सांगितलं तर लोक भांडतात.

देवळाली कॅम्पहून. इंग्रजी पुस्तकांबद्दल कोणीच बोलत नाही. सध्या हिचकॉक आणि त्रुफोच्या मुलाखतींचं पुस्तक वाचतोय. अजून सुचवा.

तेच सुचवणार होते. १९६२ च्या ऑगस्टमध्ये तो पोरसवदा फ्रेंच दिग्दर्शक हिचकॉकसमोर आठवडाभर बसला, मध्ये दुभाषी बाई हेलन स्कॉट, आणि एकेक पिच्चर घेऊन विचारत गेला, हे कसं केलंत, हे का केलंत. बोलण्यातलं इंग्रजी आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

पुढचं, कुरोसावाचं 'समथिंग लाइक ॲन ऑटोबायोग्राफी'. १९२३ च्या भूकंपानंतर त्याचा मोठा भाऊ त्याला प्रेतांच्या ढिगातून फिरवतो आणि नजर वळवू देत नाही, ती पानं मी बसमध्ये वाचत होते आणि माझा स्टॉप गेला. हा भाऊ मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्यांपैकी होता, बोलपट आले, काम गेलं, आणि त्यानं आत्महत्या केली. पुस्तक 'राशोमोन'पाशी थांबतं, 'सेव्हन सामुराई' शोधू नका.

इंग्रजी जड जातं अशांसाठी चॅप्लिनवरचं भा. द. खेरांचं 'हसरे दुःख' आहेच, आमच्या पिढीला चॅप्लिन त्यातूनच कळला. आणि हिंदी येत असेल तर बलराज साहनींचं 'मेरी फ़िल्मी आत्मकथा'. मंटोचं 'गंजे फ़रिश्ते' पण, फक्त ते एका दमात वाचू नका, मंटो मेलेल्यांना पण सोडत नाही.

नवीन येणाऱ्या 'अनटोल्ड स्टोरी' टाइप पुस्तकांबद्दल मत? (कॉलेज रोड)

अनटोल्डच राहू द्या.

रविवार कारंजाजवळ आमचा जुना वाडा. माळ्यावर बाबांनी जमवलेले 'रसरंग'चे अंक सापडलेत, एक ट्रंकभर, शिवाय थिएटरबाहेर मिळायच्या त्या गाण्यांच्या पुस्तिका. मुलगा म्हणतो रद्दीत द्या. काय करू?

रद्दीत दिलेत तर मी येऊन तुमच्या वाड्यासमोर उपोषणाला बसेन, शांता आपट्यांसारखी.

'रसरंग' आपल्या नाशिकचा, 'गावकरी'वाल्यांचा. महाराष्ट्रभर पोरं शुक्रवारची वाट बघतात तशी 'रसरंग'ची वाट बघायची, सिनेमा आणि क्रिकेट दोन्ही एकात, आणि इसाक मुजावर त्यात लिहायचे. मुजावरांनी पुढं जी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली त्यांची मुळं या अंकांत आहेत. जुन्या पिच्चरचा अभ्यास करणाऱ्याला या ट्रंकेत जे मिळेल ते छापील पुस्तकात नाही, जाहिराती, वाचकांची पत्रं, कुठला पिच्चर कितव्या आठवड्यात, कोणाची कोणावर टीका. गाण्यांच्या पुस्तिका तर आणखी दुर्मीळ, कारण लोक त्या गाणी पाठ होईपर्यंत खिशात ठेवायचे आणि मग त्या धुण्यात जायच्या. त्यात गाण्यांबरोबर कथेचा थोडा सारांश असायचा आणि शेवटी 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा', तेवढ्यावर माझ्या आईनं न बघितलेल्या पिच्चरच्या गोष्टी आम्हाला सांगितल्यात, शेवट स्वतःच्या मनानं जोडून.

आता कामाचं. ट्रंक पावसाळ्यात उघडू नका, थांबा, कोरड्या हवेत उघडा. अंक कडक उन्हात टाकायचे नाहीत, पानं तडकतात, सावलीत वाऱ्याला ठेवा. कसर लागली असेल तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लांब. मऊ ब्रशनं झटका, फडकं ओलं करू नका. मधल्या पिना गंजलेल्या असतील तर हळूच काढून टाका, गंज कागद खातो, त्याऐवजी पांढऱ्या दोऱ्यानं सैल टाके घाला. फाटलेल्याला सेलोटेप अजिबात नको, चार वर्षांनी ती पिवळी होते आणि अक्षर घेऊन निघते, मी माझ्या एका पुस्तकाची अशी वाट लावलीय. ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत. आणि मुलाला म्हणावं रद्दीत द्यायच्या आधी प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा मोबाइलवर फोटो काढ, एवढं काम करता करता तोच वाचत बसेल बघा, मग रद्दीचा विषय निघणार नाही. तरी नकोच असतील तर आधी सार्वजनिक वाचनालयात विचारा, सावाना १८४० पासून पुस्तकं सांभाळतंय, आणि नाहीतर पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला कळवा.

ताई, तुमच्या त्या पेटीत मला घ्याल का? (मेरी–म्हसरूळ लिंक रोड)

बऱ्याच जणांनी हे विचारलंय म्हणून इथंच सांगते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकांच्या पेट्या आपल्याकडं गाजलेल्या आहेत. त्यावरून आम्हा सात-आठ जुन्या पिच्चरवेड्यांना सुचलं की आपलीही एक छोटी पेटी करू, फक्त सिनेमाच्या पुस्तकांची. पत्र्याची जुनी बॅग आहे, ज्याचं त्याचं पुस्तक ज्याच्या त्याच्या नावानं आत, बॅग महिनाभर एकाकडं, मग पुढं. शेवटच्या रविवारी मिसळ खाताना ज्यानं जे वाचलं ते सांगायचं, न वाचता आलेल्यानं बिल द्यायचं. सध्या बिल देणारे जास्त आहेत.

नियम दोनच आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेत. पहिला, फोटोची पानं कापायची नाहीत. हसू नका, माझं 'मी दुर्गा खोटे' एका ओळखीच्यांकडं गेलं ते परतच आलं नाही, आणि दुसरं एक आलं ते मधले सगळे गुळगुळीत फोटो ब्लेडनं काढून, वर म्हणे मुलीचा प्रोजेक्ट होता. दुसरा नियम, जेवताना वाचायचं नाही. 'स्नेहांकिता'च्या पान ४० वर रस्सा सांडलाय, कोणी सांडलाय ते सगळ्यांना माहीत आहे, कबूल कोणी करत नाही.

तुम्हाला घ्यायचं तर तुमचं एक पुस्तक आत टाकावं लागेल, जे आमच्याकडं नाही असं. 'जाऊ मी सिनेमात?' कोणाकडं असेल तर त्याला रांग नाही, थेट प्रवेश. पेटी या महिन्यात नाशिकरोडला आहे, पुढं सातपूरला जाईल, मग तुमच्याकडं. आणि ज्याच्याकडं मार्चपासून 'साधा माणूस' अडकलंय त्यानं हे वाचलं असेल तर या रविवारी घेऊन यावं, मागं दोघं थांबलेत, त्यातला एक जण ८१ वर्षांचा आहे आणि रोज फोन करतो.